खासगी लाय डिटेक्टर चाचणी सेवा : एका पतसंस्थेने घेतलेल्या सेवेचे परीक्षण

आमच्या पतसंस्थेच्या मुख्य शाखेत रोख शिलकेत मोठी तूट आढळली तेव्हा संचालक मंडळाने पुण्यातील एका खासगी संस्थेकडून सर्व कर्मचाऱ्यांची पॉलिग्राफ चाचणी करून घेण्याचा ठराव केला. या चाचण्यांची व्यवस्था पाहण्याचे काम संचालक म्हणून माझ्याकडे आले. जी चाचणी आपण आपल्या माणसांना द्यायला लावणार ती आधी आपण दिली पाहिजे, असे मला वाटले, म्हणून पहिल्या खुर्चीत मी बसले. त्या संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण माझा आक्षेप तिच्या माणसांच्या वागणुकीवर नाही. ती जे विकते त्यावर आहे. सराफी पेढी, औषधांचे गोदाम, शिक्षणसंस्था किंवा आमच्यासारखी पतसंस्था चालवणारे जे कोणी अशी सेवा घेण्याच्या विचारात असतील, त्यांनी करारावर सही करण्यापूर्वी हे वाचावे एवढ्यासाठी सविस्तर लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते : कर्मचाऱ्यांमधून दोषी माणूस निवडून काढण्यासाठी ही सेवा घेऊ नये.

सेवेच्या बाह्य बाजूबद्दल तक्रारीला जागा नाही. परीक्षक ठरल्या वेळी आले, सोबत एक सहायक होता, सर्व साहित्य एका लहान पेटीत होते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आमची सभेची खोली त्यांनी मागितली, भिंतीवरचे घड्याळ उतरवायला लावले, पंखा बंद करून वातानुकूलन सुरू ठेवले आणि खुर्ची अशी मांडली की बसणाऱ्याला समोर फक्त कोरी भिंत दिसावी. प्रत्येकाशी ते ‘अहोजाहो’ने बोलले, आमच्या शिपायाशीही. शुल्क माणशी आकारले जाते आणि ते लहान संस्थेला जड जाईल इतके आहे.

यंत्राची माहिती आधी देते, कारण त्याविषयी बहुतेकांची कल्पना टीव्हीवरून झालेली असते. छातीभोवती आणि पोटाभोवती एकेक लवचिक नळी बांधतात, तिच्यातून श्वासाची लय नोंदली जाते. दंडाला रक्तदाब मोजण्याचा पट्टा असतो आणि तो चाचणीभर थोडा फुगवलेला राहतो; काही वेळाने हात जड होतो आणि बोटांना मुंग्या येऊ लागतात. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांना लहान पट्ट्या लावतात, त्या त्वचेवरच्या घामामुळे बदलणारी विद्युतवाहकता टिपतात. आसनाखाली एक गादी असते, ती शरीराची हालचाल पकडते. या सर्वांच्या रेषा लॅपटॉपच्या पडद्यावर एकाखाली एक सरकत राहतात. श्वास, रक्तदाब, नाडी, घाम आणि हालचाल एवढेच हे यंत्र मोजते. खोटे बोलताना माणसाच्या शरीरात असा एकही बदल होत नाही जो भीतीने, संतापाने, लाजेने किंवा अपमानाने होत नाही. त्यामुळे रेषा उंचावली हे यंत्र सांगते आणि ती का उंचावली हे परीक्षक सांगतो. आपण पैसे मोजतो ते या दुसऱ्या गोष्टीचे.

चाचणीचा बराचसा वेळ यंत्राविना जातो. आधी दीर्घ मुलाखत होते. तीत प्रकृती, औषधे, झोप, घरची परिस्थिती, नोकरीचा इतिहास असे सर्व विचारले जाते आणि पुढे विचारायचा प्रत्येक प्रश्न आधीच वाचून दाखवला जातो, म्हणजे अचानक धक्का देणारा प्रश्न यात नसतो. त्यानंतर आकड्याची चाचणी होते. मला एक ते सातमधला एक आकडा कागदावर लिहायला सांगितला, तो कागद समोरच्या भिंतीला लावला आणि प्रत्येक आकड्याला ‘नाही’ असेच उत्तर द्यायला सांगितले. मग परीक्षकांनी पडदा माझ्याकडे वळवून ज्या ठिकाणी रेषा उंचावली होती ते ठिकाण दाखवले आणि म्हणाले, “पाहिलंत मॅडम, तुमचं शरीर खोटं बोलू शकत नाही.” आकडा त्यांना आधीपासून दिसत होता, त्यामुळे त्यांनी काही ओळखून काढले असे म्हणता येत नाही. या भागाचा उद्देश वेगळा आहे. यंत्रापुढे काही लपत नाही अशी समोरच्याची खात्री पटवणे, हा तो उद्देश होय. संपूर्ण चाचणीचा डोलारा या खात्रीवर उभा असतो, हे नंतर कर्मचाऱ्यांच्या मुलाखती सुरू झाल्यावर माझ्या लक्षात आले.

प्रत्यक्ष प्रश्न तीन प्रकारचे असतात. काही निरुपद्रवी असतात, जसे ‘आज रविवार आहे का?’ काही थेट मुद्द्याचे असतात : ‘काउंटरमधील ती रक्कम तुम्ही घेतली का?’ आणि काही मुद्दाम मोघम ठेवलेले, तुलनेसाठी विचारायचे असतात : ‘तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला तुम्ही आयुष्यात कधी फसवले आहे का?’ या तिसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक जण ‘नाही’ म्हणतो आणि म्हणताना मनातून चाचरतो, असे गृहीत धरलेले असते. निर्दोष माणसाला या मोघम प्रश्नाची अधिक धास्ती वाटेल आणि दोषी माणसाला थेट प्रश्नाची, म्हणून दोन्ही वेळच्या रेषांची तुलना करून निष्कर्ष काढायचा, अशी ही रीत आहे. अमेरिकेतील जॉन रीड यांनी १९४७ मध्ये ती मांडली आणि आजही फौजदारी तपासात तीच सर्वाधिक प्रचलित आहे.

या गृहीतकापाशी वाचकाने थोडे थांबावे अशी माझी विनंती आहे. वीस वर्षे एका ठिकाणी प्रामाणिकपणे काम केलेला रोखपाल खुर्चीत बसला आहे. बाहेर त्याचे सहकारी बसले आहेत. गावात बातमी पसरलेली आहे. आणि त्याला विचारले जाते की ती रक्कम तू घेतलीस का. कधी काळी कुणाला तरी फसवले असेल-नसेल या प्रश्नापेक्षा या प्रश्नाने त्याचे काळीज अधिक जोराने धडधडणार नाही, असे कोणत्या आधारावर मानायचे? या आरोपात त्याची नोकरी आणि घराण्याची अब्रू पणाला लागलेली असते, मग तो दोषी असो वा नसो. उलट निर्ढावलेला माणूस शांत राहू शकतो; आणि ज्याने या चाचणीविषयी वाचले आहे तो मोघम प्रश्नाच्या वेळी जीभ चावून किंवा पायाची बोटे दाबून ती रेषा मुद्दाम उंचावू शकतो, हे संशोधनातून दिसून आलेले आहे. आसनाखालची गादी त्यासाठीच असते, पण मनातल्या मनात उलटे आकडे मोजणाऱ्याला ती पकडू शकत नाही.

माझ्या स्वतःच्या आलेखात थेट प्रश्नाच्या वेळी घामाची रेषा स्पष्ट वर गेली होती. निकाल मात्र ‘खोटेपणा आढळला नाही’ असा आला, कारण मोघम प्रश्नाच्या वेळी ती त्याहून वर गेली होती. तो प्रश्न ऐकताना मला माझ्या दिवंगत सासूबाईंच्या दागिन्यांच्या वाटणीचा प्रसंग आठवला होता. ती आठवण आली नसती तर माझा निकाल काय लागला असता, हे मी परीक्षकांना विचारले. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की प्रश्न बदलून पुन्हा चाचणी घ्यावी लागली असती.

कर्मचाऱ्यांचे अहवाल आले त्यात दोघांच्या नावापुढे ‘खोटेपणा सूचित’ आणि एकाच्या पुढे ‘अनिर्णीत’ असा शेरा होता. सभेत ते वाचून दाखवले जाताच दोन संचालकांनी त्या दोघांना निलंबित करण्याची सूचना मांडली. त्या वेळी मी फळ्यावर एक हिशेब मांडला, तो येथे देते. संस्थेच्या माहितीपत्रकात अचूकतेचा दावा नव्वद टक्क्यांचा होता. तो खरा आहे असे घटकाभर धरू. आमचे कर्मचारी चौदा. त्यांतला एक दोषी आहे असे धरले, तर तो पकडला जाण्याची शक्यता दहात नऊ. उरलेल्या तेरा निर्दोष माणसांपैकी दहा टक्के, म्हणजे सरासरी एकाहून अधिक माणूस, चुकून दोषी ठरणार. म्हणजे ज्यांच्यावर शेरा पडेल त्यांच्यातील निम्म्याहून अधिक निर्दोष असण्याचीच अपेक्षा धरली पाहिजे. आणि चौदांपैकी कोणीही दोषी नसेल, चूक नोंदीतच असेल, तरीही सरासरी एक-दोन नावांवर शेरा पडण्याची अपेक्षा धरली पाहिजे. यंत्राला ‘येथे कोणी चोर नाही’ असे म्हणता येत नाही.

हा हिशेब माझा नवा शोध नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये पॉलिग्राफवर जो विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला, त्यात मोठ्या प्रमाणावर हाच हिशेब आहे. १०,००० कर्मचाऱ्यांमध्ये १० हेर आहेत असे धरा. त्यांतील ८ पकडले जातील इतकी चाचणी कडक ठेवली, तर त्यांच्यासोबत सुमारे १,६०० निष्ठावान कर्मचारीही नापास होतील, असे त्या अहवालाने दाखवले. चाचणी सैल केली तर निर्दोष सुटतात, पण हेरही सुटतात. त्याच परिषदेने एका विशिष्ट घटनेबद्दल प्रश्न विचारले असता पॉलिग्राफ निव्वळ योगायोगापेक्षा बऱ्याच अधिक प्रमाणात खरे-खोटे वेगळे करू शकतो, मात्र अचूकतेपासून तो बराच दूर राहतो, असेही नमूद केले आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. यंत्र निव्वळ थोतांड आहे असे मी म्हणत नाही. ज्या कामासाठी ते आम्हाला विकले गेले त्या कामाला ते पुरे पडत नाही, असे म्हणते.

दुसऱ्या बाजूची चूक किती महाग पडते हेही इतिहासात नोंदलेले आहे. सोव्हिएत संघाला गुपिते विकणारा सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स हेरगिरी सुरू केल्यानंतर १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही चाचण्यांत उत्तीर्ण झाला आणि १९९४ मध्ये पकडला गेला. वॉशिंग्टन राज्यातील अनेक स्त्रियांचे खून करणारा गॅरी रिजवे १९८४ मध्ये चाचणी उत्तीर्ण होऊन संशयातून सुटला. २००३ मध्ये त्याने ४८ खुनांची कबुली दिली. चाचणीत ‘उत्तीर्ण’ असा शिक्का मिळाला की तपास करणाऱ्यांची नजर त्या माणसावरून हटते. हा धोका आमच्यासारख्या लहान संस्थेलाही तितकाच आहे.

अहवालातील ज्या गोष्टीने मी सर्वाधिक अस्वस्थ झाले ती रेषांविषयी नाही. आमच्या एका पिग्मी एजंट भगिनीने मुलाखतीत, यंत्रापुढे काही लपणार नाही या धास्तीने, माहेरच्या आजारपणासाठी सासरी न सांगता घेतलेल्या कर्जाची हकीकत परीक्षकांना सांगून टाकली. तुटीशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. तरीही ती हकीकत ‘चाचणीपूर्व कबुली’ या मथळ्याखाली अहवालात छापून आली आणि संचालक मंडळाच्या टेबलावर पोहोचली. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “ताई, त्यांनी विचारलं नव्हतं, मीच बोलून गेले. आता हे कुणाकुणाला कळणार?” तिला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो परिच्छेद अहवालातून वगळून घेण्यासाठी मला दोन पत्रे लिहावी लागली.

संमतीचा प्रश्नही येथेच येतो. प्रत्येकाने संमतिपत्रावर सही केली होती, असे संस्था सांगते आणि ते खरे आहे. पण ज्या व्यवस्थापकाच्या हाती पगार आणि बढती आहे त्याच्या समोर बसून कोण नकार देईल? जो नाही म्हणेल त्याच्यावर संशय पक्का होणार, हे सर्वांना ठाऊक होते. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची तपासणी या तिन्ही चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ नये हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मधील हक्क आणि अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्य, या दोन्हींचा आधार त्यास आहे. स्वेच्छेने दिलेल्या चाचणीचा निकालदेखील स्वतंत्रपणे पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. तीतून पुढे एखादी वस्तू किंवा माहिती हाती लागली तर तिचा विचार होऊ शकतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे पाळावीत, असेही न्यायालयाने बजावले. त्यांनुसार संशयिताला वकिलाचा सल्ला मिळाला पाहिजे आणि त्याची संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवली गेली पाहिजे. खुनाच्या आरोपीला मिळणारे हे संरक्षण आमच्या शिपायाला सभेच्या खोलीत मिळाले नाही. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने बहुतेक खासगी मालकांना कर्मचाऱ्यांची अशी चाचणी घेण्यास मनाई केली आहे. चोरीच्या चालू चौकशीसारख्या काही प्रसंगांत सवलत आहे, पण तेथेही केवळ निकालावरून कामावरून काढता येत नाही. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नसल्यामुळे सर्व काही मालकाच्या विवेकावर सोडलेले आहे.

या विषयाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. सेल्वीच्या आधी, २००४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्या कायदेशीर ठरवल्या होत्या. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मुंबईच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत झालेल्या मेंदूलहरींच्या चाचणीचाही आधार घेऊन शिक्षा सुनावली. त्याची जगभर चर्चा झाली आणि पुढे उच्च न्यायालयाने आरोपीस जामीन दिला. ती चाचणी पॉलिग्राफहून वेगळी, पण यंत्राच्या निष्कर्षाला पुराव्याचे वजन देण्याचा मोह तोच. ‘आता यंत्रच सांगतंय’ हे वाक्य आमच्या सभेतही दोनदा उच्चारले गेले.

मग या तंत्राचा योग्य उपयोग नाहीच का? एक उपयोग आहे, आणि तो मला पटतो. डेव्हिड लिकन या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये दुसरी पद्धत मांडली. तीत ‘तू चोरी केलीस का’ असे विचारतच नाहीत. गुन्ह्याचा जो तपशील केवळ गुन्हेगार आणि तपास अधिकारी यांनाच ठाऊक असेल तो इतर चार-पाच तितक्याच संभाव्य तपशिलांत मिसळून विचारतात : रक्कम कोणत्या रंगाच्या पिशवीत होती, लाल, निळ्या, पिवळ्या, की हिरव्या? निर्दोष माणसाला सर्व रंग सारखेच. ज्याला खरा रंग माहीत आहे त्याचे शरीर तेथे दाद देते, आणि असे अनेक प्रश्न विचारले की योगायोगाची शक्यता फार कमी होते. जपानचे पोलीस ही पद्धत नियमितपणे वापरतात. मी परीक्षकांना विचारले की आमच्याकडे ही पद्धत का वापरली नाही. त्यांचे उत्तर बिनतोड होते. तूट लक्षात आली त्याच दिवशी अध्यक्षांनी सर्वांना बोलावून किती रक्कम, कोणत्या खणातून, कोणत्या नोटांची आणि किती ते किती या वेळेत गेली, हे सगळे सांगून टाकले होते. लपवून ठेवण्यासारखा एकही तपशील शिल्लक नव्हता. तेव्हा कोणाला कधी अशी चाचणी करून घ्यायचीच असेल, तर आधी तोंड बंद ठेवावे, तपशील दोघा-तिघांपुरता राखावा, पोलिसांत रीतसर तक्रार द्यावी आणि पुढचा निर्णय तपास अधिकाऱ्यावर सोपवावा.

आमच्या तुटीचे पुढे काय झाले ते सांगणे भाग आहे. निलंबनाची सूचना एका मताच्या फरकाने फेटाळली गेली. नंतर लेखापरीक्षकांनी त्या आठवड्याची रोजकीर्द आणि व्हाउचरे एकेक करून ताडली, तेव्हा तुटीचा मोठा भाग दुसऱ्या शाखेला पाठवलेल्या रकमेची नोंद राहून गेल्याने निर्माण झाला होता, असे निघाले. उरलेल्या रकमेचा माग अद्याप लागलेला नाही आणि ते प्रकरण पोलिसांकडे आहे. ज्या दोघांवर शेरा पडला होता ते कामावर आहेत. त्यांपैकी एकाने त्यानंतर रोखीचा काउंटर मागून बदलून घेतला.

संस्थेने अहवालाबरोबर दरवर्षी सर्व कर्मचाऱ्यांची ‘प्रतिबंधात्मक’ चाचणी करण्याचा सवलतीचा प्रस्तावही पाठवला होता. घटना न घडता सरसकट चाचणी घेणे म्हणजे वर मांडलेल्या हिशेबाची सर्वांत वाईट बाजू पत्करणे होय, म्हणून आम्ही तो नाकारला आणि तेवढ्या खर्चात काउंटरवर नोटा मोजण्याचे यंत्र, दोन कॅमेरे आणि दुपारची अचानक रोख तपासणी सुरू केली. तरीही कोणाला ही सेवा घ्यायचीच असेल, तर करारात किमान चार गोष्टी लिहून घ्याव्यात : कच्चे आलेख आपल्याला मिळतील, ते दुसऱ्या स्वतंत्र परीक्षकाला, नावे झाकून, दाखवता येतील, मुलाखतीतील खासगी माहिती अहवालात येणार नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर ध्वनिचित्रमुद्रणासह सर्व नोंदी नष्ट करून तसे लेखी कळवले जाईल. आम्ही हे चाचणीनंतर मागितले. कच्चे आलेख देण्यास संस्थेने नकार दिला आणि नोंदी नष्ट केल्याचे पत्र अजून आलेले नाही.